मानकरी कोण? : गोलंदाज पळवणकर बाळू

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सावेडीतील आमच्या भागातील मुलांनी क्रिकेटचे सामने भरवले होते. मैदान म्हणजे पाइपलाइन रोडच्या बाजूचा एक मोकळा प्लॉट. संघ आठ, प्रत्येक गोलंदाजाला सामन्यात दोन षटके. मी मुलगी, त्यामुळे खेळायला मला कोणी बोलावले नाही. परंतु अक्षर बरे आहे म्हणून गुणलेखनाची वही माझ्या हाती आली. सामने संपले आणि खरा सामना सुरू झाला तो 'सर्वोत्कृष्ट गोलंदाज' हा चषक कोणाला द्यायचा यावरून! एकाने तीन सामन्यांत नऊ बळी घेतले होते, पण त्यासाठी ६६ धावा मोजल्या होत्या. दुसऱ्याचा संघ लवकर बाद झाल्यामुळे त्याला दोनच सामने मिळाले. त्यात त्याने ३५ धावांत सात बळी घेतले होते. एक पक्ष म्हणे, बळी मोजा. दुसरा म्हणे, सरासरी पाहा. तिसऱ्याचे मत असे की, समोर फलंदाज कोण होता हे आधी पाहा. माझी वही या हातातून त्या हातात फिरत राहिली. शेवटी चषक नऊ बळी घेणाऱ्याला मिळाला, आणि दुसऱ्याचे मित्र आजपर्यंत तो निकाल मान्य करीत नाहीत.

कॉलेज सुरू झाल्यावर हा किस्सा मी आमच्या एका सरांना सांगितला. सर हसले आणि म्हणाले की आकड्यांची एवढी आवड असेल तर पळवणकर बाळू यांचे आकडे पाहा, आणि त्या आकड्यांना त्यांच्या काळाने काय दिले तेही पाहा. मला हे नाव ठाऊक नव्हते. आपल्याच जिल्ह्यातील श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेतले हे आमच्या गल्लीतील लहान पोरालाही तोंडपाठ आहे. पण त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १९११ साली, इंग्लंडच्या भूमीवर एका मराठी गोलंदाजाने एका मोसमात ११४ बळी घेतले होते, हे आमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? ह्या थोर खेळाडूच्या जीवनाची ओळख करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

जन्म आणि बालपण

बाळू यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. पळवणकर हे आडनाव त्यांच्या कोकणातील पळवण या मूळ गावावरून आलेले. घराणे चर्मकार समाजातील. वडील लष्करात नोकरीला होते आणि त्यामुळे हे कुटुंब पुण्याला आले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या अनेक कुटुंबांना त्या काळात गावकीच्या बाहेर पडण्याचा जो एक दरवाजा होता, तो लष्कराच्या छावणीतून जात असे. छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या चेंडू-फळ्यांवर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी हा खेळ शिकून घेतला. पुढे गणपत आणि विठ्ठल हे दोघे भाऊही याच वाटेने गेले, आणि चौघेही मोठ्या सामन्यांत खेळले. एका घरातील चार भाऊ! आज अशी उदाहरणे शोधावी लागतील.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात होती. काम होते खेळपट्टी झाडण्याचे आणि त्यावर रूळ फिरवण्याचे. पगार महिना तीन रुपये. कधी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचा, एवढाच काय तो खेळाशी संबंध. १८९२ च्या सुमारास ते पूना क्लब ह्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात लागले. तेथे पगार एक रुपयाने वाढला. खेळपट्टीची निगा ठेवणे, सरावाच्या जाळ्या उभारणे, टेनिसच्या अंगणावर पांढऱ्या रेघा मारणे ही त्यांची कामे. त्यातील एका साहेबाने ह्या मुलाला जाळीत चेंडू टाकण्यास सांगितले, आणि त्या दिवसापासून बाळूंच्या आयुष्याला वळण लागले.

जाळीतील शिक्षण

पूना क्लबात त्या वेळी कॅप्टन ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज होते. पुढे ते इंग्लंडमध्ये हॅम्पशायर काउंटीकडूनही खेळले. हे ग्रेगसाहेब इतरांच्या तासभर आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी त्यांना बाद केले की दर वेळी ते आठ आणे देत, असे सांगतात. महिन्याला चार रुपये मिळवणाऱ्या मुलाला आठ आणे म्हणजे काय, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

बाळू डावखुरे संथ फिरकी गोलंदाज होते. डावऱ्या हाताने बोटांनी फिरवलेला चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून बाहेरच्या बाजूस जातो. फलंदाजाची बॅट एका रेषेत येते आणि चेंडू तिच्या कडेला चाटून मागे झेल जातो. पण प्रत्येक चेंडू असाच वळला तर चांगला फलंदाज त्याला ओळखून घेईल. म्हणून एखादा चेंडू न वळता सरळ आत यावा लागतो, एखाद्याला हवेत जास्त उंची द्यावी लागते, एखादा किंचित वेगाने टाकावा लागतो. आणि हे सर्व हाताच्या एकाच हालचालीत, फलंदाजाला सुगावा न लागता व्हावे लागते. बाळूंना हे सर्व साधले होते. हे शिक्षण त्यांना कोणी दिले नाही. इंग्लंडात तयार झालेल्या फलंदाजांना रोज, तासन्तास चेंडू टाकून त्यांनी ते मिळवले.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पूना क्लबातील त्या सगळ्या वर्षांत बाळूंना फलंदाजीची संधी एकदाही देण्यात आली नाही, असे त्यांनी पुढे आपल्या मुलाला सांगितल्याची नोंद आहे. चेंडू टाकणे हे कष्टाचे काम, ते नोकराने करावे. बॅट हाती धरणे हा साहेबांचा मान! ज्याने हजारो चेंडू टाकले त्याला एक चेंडू खेळायला मिळाला नाही.

मातीचा पेला

जाळीतील ह्या गोलंदाजाची कीर्ती पुण्यात पसरली, तेव्हा तेथील हिंदू क्लबापुढे पेच पडला. गोऱ्यांच्या संघाला हरवायचे तर हा गोलंदाज संघात हवा; पण तो अस्पृश्य समाजातील. काही सभासदांचा विरोध होता, काहींचा पाठिंबा. अखेर त्यांना खेळवायचे ठरले. मैदानावर एकच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरू लागला. चेंडूला विटाळ होत नव्हता. मात्र चहापानाची वेळ झाली की इतर खेळाडू तंबूत बसून कपबशीने चहा घेत, आणि बाळूंना तंबूबाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या पेल्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, जागाही वेगळी.

मी हे वाचले तेव्हा आमच्या आबांची, म्हणजे आजोबांची, आठवण झाली. आमच्या गावच्या हॉटेलाच्या वळचणीला एक कपबशी वेगळी ठेवलेली असे आणि आबांच्या लहानपणी आमच्या माणसांनी तीच वापरायची, स्वतःच विसळायची आणि पालथी घालून ठेवायची असा रिवाज होता. आबांनी तो चहा प्यालेला आहे. ते हे रागाने सांगत नाहीत. पाऊसपाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसे सांगतात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. कॅन्टीनमध्ये मैत्रिणींबरोबर चहा घेताना मला कधी काही वाटले नव्हते. आता मात्र कप हातात घेतला की क्षणभर मन थबकते.

साताऱ्याच्या गोऱ्या संघाबरोबरचा सामना ह्या काळातलाच. बाळूंच्या फिरकीला साथ मिळू नये म्हणून तेथील साहेबांनी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती टणक करून ठेवली, अशी हकिकत आहे. तरीही बाळूंनी सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला. ज्याने स्वतः वर्षानुवर्षे रूळ ओढला त्याला खेळपट्टीची भीती कसली! पुण्यात परतल्यावर सत्कार झाला आणि खुद्द न्यायमूर्ती रानडे यांनी बाळूंच्या गळ्यात हार घातला. बरोबर खेळता तर बरोबर खाण्यापिण्यास काय हरकत आहे, असा प्रश्न त्यांनी पुण्याच्या मंडळींपुढे ठेवला, असे सांगतात.

मुंबई आणि १९०६ चा विजय

पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला गेले. तेथे १८९४ साली स्थापन झालेल्या हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. इथेही त्यांना घेण्याबद्दल आधी कुरबुर झालीच, पण ती फार काळ टिकली नाही. रेल्वेत नोकरी लागली. मुंबईतील मोठे क्रिकेट त्या काळी धर्मावार चालत असे. आधी युरोपियन आणि पारशी यांचे सामने होत. मग त्यात हिंदू आले, १९०७ पासून तिरंगी स्पर्धा सुरू झाली, आणि १९१२ मध्ये मुसलमान संघ आल्यावर ती चौरंगी झाली. आज ही कल्पनाही आपल्याला विचित्र वाटेल. पण हजारो लोक हे सामने पाहण्यास लोटत, कारण राज्यकर्त्यांच्या बरोबरीने उभे राहण्याची ही एकच मोकळी जागा होती.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियन संघाचे डाव १९१ आणि १०२ धावांत संपले. हिंदूंचा विजय १०९ धावांनी झाला. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच असे आठ गडी बाद केले. संघात शिवरामही होते. वंगभंगाच्या चळवळीने देश पेटला असता मिळालेला हा विजय लोकांना केवळ खेळातील वाटला नाही. वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा झाली, आणि जो हिंदू संघ म्हणून जिंकला त्यात चर्मकार समाजातील दोन भाऊ होते ह्याचीही चर्चा झाली. देवळात ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांच्या बोटांनी हिंदूंची लाज राखली होती!

इंग्लंडचा दौरा

१९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदरसिंग. ते बहुतेक सामन्यांत खेळलेच नाहीत. राजेरजवाड्यांच्या भेटीगाठी आणि समारंभ यांत त्यांचा वेळ गेला. अपरिचित हवा, ओल्या खेळपट्ट्या आणि लागोपाठ सामने यांमुळे संघाची दमछाक झाली. एकूण २३ सामन्यांपैकी सहा जिंकले, पंधरा हरले, दोन अनिर्णित राहिले. प्रथम श्रेणीच्या चौदा सामन्यांत केवळ दोन विजय मिळाले, ते लीस्टरशायर आणि सॉमरसेट या काउंट्यांविरुद्ध. लीस्टरच्या सामन्यात बाळूंनी दोन्ही डावांत मिळून अकरा बळी घेतले. सॉमरसेटच्या सामन्यात शिवराम यांनी नाबाद ११३ धावा केल्या आणि संघ एका गड्याने जिंकला. म्हणजे दोन विजय, आणि दोहोंच्या मागे एकाच घरातील दोन भाऊ.

केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध बाळूंनी एका डावात १०३ धावांत आठ बळी घेतले. ती त्यांच्या आयुष्यातील सर्वोत्तम कामगिरी ठरली. साऱ्या दौऱ्यात मिळून त्यांचे बळी ११४ झाले, सरासरी सुमारे १९ धावांची. त्यातील ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील. त्या वेळी त्यांचे वय पस्तिशीचे होते आणि चेंडू टाकणारा खांदा दुखत होता. संघ हरत असताना एकट्याने ओझे ओढणे फार कठीण असते. जिंकणाऱ्या संघातील गोलंदाजाला धावांचा आधार असतो. हरणाऱ्या संघातील गोलंदाजाला तोही नसतो. आमच्या गल्लीतील वादात हा मुद्दा कोणालाच सुचला नव्हता.

आता आकड्यांचा विचार करू. इंग्लंडचे विल्फ्रेड ऱ्होड्स हे त्याच पद्धतीचे डावखुरे फिरकी गोलंदाज, आणि बाळूंना हिंदुस्थानचे ऱ्होड्स म्हटले जाई. ऱ्होड्स यांनी प्रथम श्रेणीच्या १११० सामन्यांत ४२०४ बळी घेतले, सरासरी १६.७२. बाळूंनी ३३ सामन्यांत १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१. म्हणजे ऱ्होड्स यांना सामन्यागणिक चाराहून कमी आणि बाळूंना पाचाहून अधिक बळी मिळाले. एवढ्यावरून बाळू श्रेष्ठ असे मी म्हणणार नाही. दोघांच्या खेळपट्ट्या वेगळ्या, समोरचे फलंदाज वेगळे. शिवाय ३३ सामने आणि १११० सामने यांची तुलनाच होऊ शकत नाही. पण ही तुलना का होऊ शकत नाही, हाच तर खरा प्रश्न आहे! बाळू प्रथम श्रेणीचा पहिला सामना खेळले तेव्हा ते तिशीचे झाले होते. त्यांच्या एकूण बळींपैकी पाचांत दोन बळी त्या एका इंग्लिश उन्हाळ्यातील आहेत. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सवर झाला, त्या वेळी बाळूंनी पन्नाशी केव्हाच ओलांडली होती. जी संधी मिळाली तिचे त्यांनी सोने केले. जी मिळाली नाही तिची नोंद कोणत्याही वहीत नसते.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकर यांनी लिहिले होते, असे सांगतात. भीमराव तेव्हा वीस वर्षांचे होते आणि एल्फिन्स्टन कॉलेजात बी.ए.चा अभ्यास करीत होते. म्हणजे वयाने साधारण आमच्याच वर्गातले!

कर्णधारपदाचा वाद

आमच्या गल्लीतील वाद एका रात्रीत मिटला. बाळूंबद्दलचा वाद दहा वर्षे चालला. चौरंगी स्पर्धेसाठी दर वर्षी हिंदू संघ निवडला जाई, दर वर्षी कर्णधार कोण हा प्रश्न निघे, आणि दर वर्षी उत्तर एकच मिळे. अनुभव, वय, कामगिरी ह्या सर्व कसोट्यांवर बाळूंचा हक्क पहिला होता. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले, तेव्हा सत्काराला उत्तर देताना त्यांनी स्वतः हा मान बाळूंना मिळायला हवा होता असे जाहीरपणे सांगितले. ज्याला मान मिळाला त्यालाच तो दुसऱ्याचा आहे हे कळत होते. देणाऱ्यांना मात्र कळत नव्हते, किंवा कळूनही वळत नव्हते.

१९२० साली हे प्रकरण हातघाईवर आले. पहिल्या सामन्यासाठी बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. पै आजारी असल्यामुळे नवा कर्णधार हवा होता. त्या वेळी विठ्ठल पळवणकर हे संघातील आघाडीचे फलंदाज होते, पण नेमणूक पुण्याच्या दि. ब. देवधरांची झाली. देवधर हेही मोठे फलंदाज होते; पुढे १९७३ मध्ये एका राष्ट्रीय स्पर्धेला त्यांचे नाव देण्यात आले. दोष त्यांच्याकडे जात नाही. परंतु विठ्ठल त्यांच्याहून वयाने आणि अनुभवाने मोठे होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू जाहीर पत्रकाद्वारे लोकांपुढे मांडली. जातीमुळे डावलले जात आहे हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. गांधीजींच्या असहकाराचे ते दिवस होते. अस्पृश्यता हा कलंक आहे हे विचार लोकांच्या कानी पडू लागले होते. त्यामुळे लोकमत भावांच्या बाजूने उभे राहिले.

पारशांविरुद्धच्या पुढील सामन्यासाठी पै बरे होऊन परतले, बाळूंना संघात घेण्यात आले आणि उपकर्णधार करण्यात आले. दोघे भाऊही परतले. सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरते संघाचे नेतृत्व बाळूंकडे आले. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, आपल्या शेवटच्या सामन्यांपैकी एका सामन्यात, मित्राने बाहेर जाऊन मोकळी करून दिलेली ती जागा! तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले आणि त्या वर्षी संघाने स्पर्धा जिंकली. प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. थोरल्या भावाच्या पायाखालून जी पायरी वारंवार काढून घेतली गेली, तिच्यावर धाकटा भाऊ चढला.

राजकारण, आणि घरातील एक वाद

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी हे सगळे आबांना वाचून दाखवले. आबा खूश झाले. पुढचा भाग वाचताना मात्र माझा आवाज अडखळला, कारण आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि दिवसाची सुरुवात त्या फोटोपुढे हात जोडून होते.

१९३२ साली दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत की संयुक्त, यावरून बाबासाहेब आणि गांधीजी यांच्यात तीव्र मतभेद झाला. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपोषण केले. त्या वेळी बाळू आणि मद्रासचे एम. सी. राजा यांनी तडजोडीसाठी बाबासाहेबांची मनधरणी केली, आणि २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर बाळूंचीही सही आहे. त्यानंतर १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांच्या विरुद्ध बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाळूंचा पराभव झाला. ज्यांच्यासाठी बाबासाहेबांनी विद्यार्थिदशेत मानपत्र लिहिल्याचे सांगतात, त्यांच्याशीच पंचवीस वर्षांनी मतपेटीवर सामना व्हावा, हा केवढा दैवदुर्विलास!

आबा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले की बाबासाहेबांच्या विरुद्ध उभा राहिलेल्या माणसावर तुला लेख का लिहायचा आहे? मला चटकन उत्तर देता आले नाही. दोन दिवस लेख तसाच पडून होता. मला असे वाटते की बाळू आणि बाबासाहेब यांनी एकच अन्याय दोन वेगळ्या ठिकाणी उभे राहून पाहिला. बाळूंना आयुष्यात जे काही मिळाले ते इतरांच्या बरोबर एका संघात खेळून, त्यांचे मन हळूहळू वळवून मिळाले. त्यामुळे तोच मार्ग त्यांना खरा वाटला असावा. बाबासाहेबांनी मात्र ओळखले की एवढा मोठा खेळाडू होऊनही ज्याला कर्णधारपद मिळत नाही, तेथे सामान्य माणसाने कोणाचे मन वळण्याची वाट किती पिढ्या पाहावी? बाळूंचे आयुष्यच बाबासाहेबांच्या बाजूने साक्ष देते, असे मला वाटते. म्हणून मी राजकारणात बाबासाहेबांच्याच बाजूची आहे. पण त्यासाठी बाळूंच्या १७९ बळींतील एकही बळी खोडण्याचे कारण मला दिसत नाही. हे मी आबांना सांगितले. त्यांना ते सगळे पटले असे नाही. पण लेख पुरा कर, एवढे ते म्हणाले.

अखेर

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. अस्पृश्यता बेकायदा ठरवणारा कायदा त्याच वर्षी संमत झाला. बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांनी आपल्या क्रीडाजीवनाचे पुस्तक १९४८ साली मराठीत लिहून ठेवले, त्यामुळे ह्या घराण्याच्या कहाणीचा काही भाग तरी आपल्याच भाषेत जपला गेला.

मित्रमैत्रिणींनो, उत्कृष्ट गोलंदाज कोण हा वाद आपण घालतो आणि पुढेही घालू. तो घालण्यात मजा आहे. बळी मोजा, सरासरी काढा, समोरचे फलंदाज पाहा. पण बाळूंचे चरित्र वाचल्यापासून मला एक फरक कळला आहे. बळी हा गोलंदाज स्वतः मिळवतो. दांडी उडाली की जातपात न विचारता पंचाला बोट वर करावेच लागते. मान मात्र दुसऱ्याने द्यावा लागतो. कपबशी, बॅट आणि कर्णधारपद ह्या तीनही गोष्टी इतरांच्या हातात होत्या. म्हणून बाळूंच्या बाबतीत त्या उशिरा आल्या किंवा आल्याच नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या मैदानावर पुन्हा सामने होतील आणि वही बहुधा पुन्हा माझ्याकडेच येईल. रोज पहाटे पाणी मारून, धुरमुस करून ती खेळपट्टी तयार करणारा एक मुलगा आहे. तो दिवसभर कडेला बसतो आणि दुपारी सगळे जेवायला गेले की एकटाच भिंतीवर चेंडू टाकत असतो. गेल्या वर्षी त्याला कोणत्याच संघाने घेतले नाही, आणि मलाही त्याचे नाव वहीत नाही याचे काही वाटले नाही. ह्या वेळी संघ ठरतील तेव्हा त्याच्याबद्दल विचारण्याचे मी ठरवले आहे. आणि जमले तर दोन षटके मलाही द्या, असेही मी सांगणार आहे.